असमान जोडीचा पुरावा
पेशीविभाजनाच्या वेळी केंद्रकात दिसणारी, रंगद्रव्य चटकन शोषून घेणारी सूत्रे म्हणजे गुणसूत्रे. फलित अंड्याला ती माता आणि पिता यांच्याकडून सारख्याच संख्येने मिळतात, हे बेल्जियमच्या एदुआर व्हान बेनेडेन यांनी १८८३ साली घोड्याच्या आतड्यातील जंतावर अभ्यास करून दाखवले होते; परंतु पुढच्या पिढीकडे जाताना त्यांची वाटणी कोणत्या नियमाने होते, हे ठरवायचे तर एकेक गुणसूत्र ओळखू येईल असा प्राणी हवा होता.

तो प्राणी म्हणजे अमेरिकेतील ब्रॅकिस्टोला मॅग्ना हा थोराड नाकतोडा. त्याच्या नराच्या पेशींत २३ गुणसूत्रे असतात: लहानमोठ्या आकारांच्या ११ जोड्या आणि एक एकटे, जे पुढे लिंगनिश्चितीशी संबंधित ठरले. कोलंबिया विद्यापीठातील वॉल्टर सटन यांनी १९०२ आणि १९०३ सालच्या निबंधांत असे मांडले की, प्रत्येक जोडीत एक गुणसूत्र मातेचे व एक पित्याचे असते, अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनात, ही दोन्ही आधी परस्परांना बिलगतात आणि मग विरुद्ध टोकांकडे जातात, आणि मेंडेलच्या नियमांचा भौतिक पाया याच घडामोडीत असावा. प्रत्येक जोडी इतरांपासून स्वतंत्रपणे वेगळी होत असेल, तर ११ जोड्यांपासून २,०४८ प्रकारच्या प्रजननपेशी संभवतात.

या स्वातंत्र्याचा प्रत्यक्ष पुरावा मात्र सटन यांच्यापाशी नव्हता, कारण जोडीतील दोन्ही गुणसूत्रे एकसारखीच दिसत असल्याने कोणते कोठे गेले, हे सूक्ष्मदर्शकाखाली कळण्यास मार्गच नव्हता. ही उणीव एलिनॉर कॅरदर्स यांनी १९१३ साली भरून काढली, आणि या सिद्धान्ताच्या इतिहासात त्यांना सटन यांच्या बरोबरीचे स्थान मिळावयास हवे. नाकतोड्यांत त्यांना एक जोडी अशी आढळली की, तिचे एक गुणसूत्र दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे मोठे होते; त्यामुळे त्यातील मोठे गुणसूत्र एकट्या लिंगगुणसूत्राच्या टोकाकडे जाते की विरुद्ध टोकाकडे, हे पेशीगणिक मोजता येऊ लागले. त्यांनी ३०० पेशी तपासल्या, तेव्हा दोन्ही प्रकारच्या पेशी जवळजवळ निम्म्या-निम्म्या निघाल्या. एका जोडीच्या वाटणीचा लिंगगुणसूत्राच्या वाटणीशी काही संबंध असता, तर हे प्रमाण एका बाजूला झुकले असते.