रविवारचे तीन तास, आठवडाभर घरचे जेवण: पदार्थ आधी तयार करून फ्रीझरमध्ये कसे ठेवावेत?

संध्याकाळी साडेसहाला दोघेही कामावरून घरी येतात. मगरिबची वेळ झालेली, मुलांना भूक लागलेली आणि कांदा चिरायचेही त्राण कोणात नाही. मग कोपऱ्यावरून वडापाव येतो, नाहीतर नूडल्सचे पाकीट फोडले जाते. एखाद्या दिवशी ठीक आहे. पण आठवड्यातून चार दिवस असेच होऊ लागले, तर शुगर-बीपी असलेल्या वडीलधाऱ्यांच्या आणि वाढत्या मुलांच्या तब्येतीवर त्याचा परिणाम होतोच.

यावर बऱ्याच घरांनी काढलेला उपाय म्हणजे सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास देऊन आठवड्याची तयारी करून ठेवणे. उपाय चांगला आहे, पण नीट माहिती नसेल तर घातकही ठरू शकतो. आमच्याच घरी एकदा पातेलेभर खिमा रात्री ओट्यावर निवत राहिला आणि सकाळी उचलून फ्रीझरमध्ये गेला. दोन दिवसांनी खाल्ला तेव्हा वास, चव सगळे बरोबर होते. रात्री मात्र दोन्ही मुलांना उलट्या सुरू झाल्या. तेव्हापासून घरात काही नियम पक्के केले. ते इथे देत आहोत.

फ्रीझर नेमके काय करतो?

फ्रीझर बहुतेक जंतूंना मारत नाही, त्यांची वाढ फक्त थांबवतो. पदार्थ बाहेर काढून कोमट झाला की वाढ पुन्हा सुरू होते. म्हणून फ्रीझरमध्ये जाण्याआधीचे आणि बाहेर आल्यानंतरचे तास सर्वात महत्त्वाचे.

साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. त्यामुळे शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा 32 अंशांच्या वर असतो, तेव्हा ही मुदत एकच तास धरावी.

फ्रीजचा खालचा भाग 4 अंश किंवा त्याहून थंड आणि फ्रीझर उणे 18 अंश असावा. एका दरवाजाच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा अनेकदा इतका थंड होत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे त्यात ठेवलेले आइस्क्रीम दगडासारखे कडक राहते का ते पाहणे. मऊ पडत असेल तर त्या कप्प्यातले पदार्थ आठवडाभरातच संपवावेत.

लवकर थंड करा, सपाट भरा

मोठे पातेले मधोमध थंड व्हायला खूप तास लागतात. म्हणून सालन किंवा डाळ पसरट ताटात काढा, किंवा पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहा. अर्ध्या-पाऊण तासात वाफ गेली की भरायला घ्या.

एका वेळच्या जेवणाला लागेल तेवढेच एका पाकिटात भरा. जाड झिप पिशवीत भरून हवा काढा आणि पिशवी ताटावर आडवी ठेवून सपाट गोठवा. ती लवकर गोठते, लवकर सुटते आणि जागाही कमी घेते. सावकाश गोठणाऱ्या पदार्थात बर्फाचे मोठे कण तयार होतात, त्यामुळे तो नंतर पाणचट लागतो. पातळ पदार्थ डब्यात भरताना वर इंचभर जागा सोडा, कारण पाणी गोठले की फुगते. गरम पदार्थ प्लास्टिकमध्ये भरू नका. प्रत्येक पाकिटावर पदार्थाचे नाव आणि तारीख लिहाच. महिन्याभराने खिमा कोणता आणि राजमा कोणता हे ओळखू येत नाही.

काय ठेवावे, किती दिवस?

खालच्या मुदती उणे 18 अंशांच्या फ्रीझरसाठी आहेत.

- कच्चा खिमा: 3 ते 4 महिने
- शिजवलेला खिमा, सालन, यखनी, कबाब: 2 ते 3 महिने
- उकडलेले छोले, राजमा, डाळ: 2 ते 3 महिने
- कांदा-टोमॅटोचा मसाला, आले-लसूण वाटण: 2 ते 3 महिने
- अर्धवट भाजलेल्या चपात्या, मध्ये बटर पेपर घालून: 1 महिना

फ्रीजच्या खालच्या भागात मात्र शिजवलेले अन्न 3 ते 4 दिवसच टिकते. म्हणून सोमवार ते बुधवारचे खाली आणि गुरुवार-शुक्रवारचे फ्रीझरमध्ये, अशी वाटणी करा. कच्चे मटण-चिकन नेहमी सर्वात खालच्या कप्प्यात, झाकलेल्या भांड्यात ठेवा, म्हणजे त्याचे पाणी दुसऱ्या अन्नावर गळणार नाही.

काय गोठवू नये?

बटाटा स्पंजासारखा होतो, म्हणून आलू-गोश्त करायचा असेल तर बटाटा आयत्या वेळी घाला. दही फाटते. काकडी, टोमॅटोच्या फोडी, कोशिंबीर यांचा लगदा होतो. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा लागतो.

भाताबाबत विशेष सांभाळा. तांदळातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात. भात तासन् तास कोमट राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेला पुलाव किंवा बिर्याणी सकाळी डब्यात देऊ नये.

रविवारची तयारी: चार जणांच्या घरासाठी

1. मूळ मसाला. एक किलो कांदा अर्ध्या वाटी तेलात परता, त्यात 100 ग्रॅम आले-लसूण वाटण आणि एक किलो टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत शिजवा. याची साधारण सहा पाकिटे होतात. मीठ अगदी कमी घाला, पुढे भाजीत घालता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहून कमी मीठ खावे.

2. कडधान्य. अर्धा किलो छोले किंवा राजमा शनिवारी रात्री भिजत घाला. ते पाणी टाकून नव्या पाण्यात कुकरला पूर्ण शिजवा. किलोभराहून जास्त होतात, म्हणजे तीन-चार वेळची सोय. राजमा कच्चट ठेवू नका, त्याने पोट बिघडते.

3. शामी कबाब. अर्धा किलो खिमा, 150 ग्रॅम भिजवलेली चणा डाळ, कांदा, आले-लसूण आणि खडा मसाला कुकरमध्ये शिजवून पाणी पूर्ण आटवा. वाटून, पुदिना घालून कबाब थापा. ताटात एकमेकांना न चिकटता ठेवून आधी दोन-तीन तास गोठवा, मग एका पिशवीत भरा. असे केले की हवे तेवढेच सुटे काढता येतात. तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात, मंद आचेवर शेका.

4. भाज्या. मटार आणि फरसबी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे घालून लगेच गार पाण्यात टाका, निथळून मग गोठवा. रंग आणि चव टिकते. मेथी-पालक फक्त निवडून, कोरड्या कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत वापरा.

मग आठवडा असा लावता येतो: सोमवारी पालक-डाळ, मंगळवारी मटार-खिमा, बुधवारी छोले, गुरुवारी कबाब आणि ताजी कोशिंबीर, शुक्रवारी यखनीचा ताजा पुलाव. ताटाचा अर्धा भाग भाजी-फळांचा असेल एवढे पाहा. कबाब घरचा असला तरी नुसत्या कबाब-चपातीवर जेवण संपवू नये.

बाहेर काढताना

पाकीट आदल्या रात्री फ्रीझरमधून फ्रीजच्या खालच्या भागात ठेवा. विसरलात तर बंद पिशवी गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. ओट्यावर दिवसभर ठेवून सोडवू नका. बाहेरचा भाग कोमट होतो आणि आतला गोठलेलाच राहतो. सालन-डाळीला खळखळून उकळी येऊ द्या, आणि एकदाच गरम करा. ओट्यावर सुटलेले मटण-चिकन परत फ्रीझरमध्ये टाकू नका.

मुलांच्या डब्यात सालन द्यायचे असेल तर वाफाळते गरम करून उष्णता टिकवणाऱ्या डब्यात द्या. साध्या डब्यात चपाती आणि कोरडी भाजी बरी.

वीज गेली तर?

दार उघडू नका. गच्च भरलेला वेगळा फ्रीझर बंद राहिला तर साधारण 48 तास, अर्धा भरलेला 24 तास गारवा धरतो. फ्रीजचा खालचा भाग चारच तास. एका दरवाजाच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा याहून बराच लवकर सुटतो. मटणात बर्फाचे कण शिल्लक असतील तर परत गोठवता येते. कोमट झाले असेल तर वास घेऊन ठरवू नका, टाकून द्या. आजारी पाडणाऱ्या जंतूंचा वास येतोच असे नाही.

बकरी ईदचे मटण

ताजे, अजून ऊब असलेले मटण एकाच मोठ्या पिशवीत कोंबून फ्रीझरमध्ये टाकले जाते. मधला भाग तासन् तास गरम राहतो, आणि लगेच गोठवलेले मटण शिजल्यावर चिवटही लागते. आधी पसरट भांड्यात झाकून फ्रीजच्या खालच्या भागात रात्रभर थंड करा, मग अर्ध्या-अर्ध्या किलोची पाकिटे करून गोठवा. जागा पुरत नसेल तर वाटपाचा हिस्सा त्याच दिवशी पोहोचवून टाका.

शेवटी

हे तीन तास एकट्या अम्मीचे होऊ नयेत. आठवडाभर नोकरी करून रविवारीही तिनेच ओट्यापाशी उभे राहायचे, तर तिला सुट्टी कसली? कांदा सोलणे, मटार निवडणे, पाकिटांवर तारखा लिहिणे ही कामे अब्बा आणि मुले सहज करू शकतात. आमच्याकडे तारखा लिहायचे काम धाकट्याकडे आहे, आणि एकही पाकीट तो बिनतारखेचे जाऊ देत नाही.