जव्हार-मोखाड्यातील रूढीविधी

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुक्यांत आदिवासींचे विवाह, वारसा आणि गावकीचे तंटे यांना लागू असलेला, बहुतांशी अलिखित कायदा. दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी या येथील प्रमुख जमाती.

धर्मशास्त्राची ग्रंथपरंपरा या डोंगरांपासून फार दूर नव्हती. बाराव्या शतकात उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरादित्य याच्या नावे याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ ही टीका आहे. तिला अधिक मान मिळाला तो काश्मीरमध्ये. ब्रिटिश न्यायालयांनी महाराष्ट्रात सामान्यतः त्याच स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका प्रमाण मानली, मात्र गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकणात मतभेद असेल तेथे नीलकंठ भट्टाचा सतराव्या शतकातील ‘व्यवहारमयूख’ वरचढ ठरवला. मयूखाने बहिणीला वारसांत बरेच वरचे स्थान दिले होते. पाड्यांवरच्या वाटण्या मात्र पोथी पाहून होत नसत, आणि त्याला वाव पोथ्यांनीच ठेवला होता. जाती, जनपद, श्रेणी व कुळ यांचे धर्म पाहून राजाने न्याय करावा असे मनुस्मृती सांगते. जिंकलेल्या मुलखाचे आचार तसेच राखावेत असे याज्ञवल्क्य. मराठा अमदानीतील गोतसभा (ज्ञातिबांधव व गावकऱ्यांच्या न्यायसभा) आणि त्यांचे महजर (निवाडापत्रे) याच समजुतीवर उभे होते.

पुढे दोन तालुक्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पेशवाई बुडाल्यावर मोखाडा इंग्रजी अमलात आला आणि शहापूर तालुक्याचा पेटा (पोटविभाग) म्हणून राहिला. त्यामुळे मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीतील १८२७ चा चौथा विनियम तेथे थेट लागू झाला. न्यायाधीशाने आधी सरकारी कायदा पाहावा, तो नसेल तर देशरिवाज, मग प्रतिवादीचा धर्मकायदा आणि शेवटी न्याय, समता व सद्सद्विवेक, असा त्याच्या कलम २६ चा क्रम. रिवाजाला पोथीच्या वर बसवणारा हा क्रम मुंबई इलाख्याचे वैशिष्ट्य म्हणावा लागेल. शेजारचे जव्हार मात्र मुकणे घराण्याचे संस्थान. दिल्लीच्या सुलतानाने १३४३ मध्ये त्याला मान्यता दिल्याची परंपरा आहे. १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद १३ ने कायद्याच्या बळाच्या रूढींना ‘कायद्या’च्या व्याख्येत घेतले. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ केंद्राच्या अधिसूचनेशिवाय अनुसूचित जमातींना लागू होत नाहीत. दोन्हींच्या कलम २(२) मध्ये तशी तरतूद आहे. वारल्यांचे लग्न धवलेरी ही स्त्री लावते, मुलीकडे देज म्हणजे वधूमूल्य जाते, आणि काही जोडपी आधी संसार थाटून विधी पुढे सवडीने उरकतात. अशा विवाहाची वैधता ठरते ती जमातीच्या रिवाजावर.

वारशात हीच मोकळीक जाचक ठरते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला जन्मतः सहदायिकीचा, म्हणजे वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतील वाट्याचा, हक्क दिला. आदिवासी मुलीपर्यंत तो पोचला नाही. रूढी प्राचीन, अखंड व निश्चित असल्याचे सिद्ध करावे लागते. सातबारासाठी झगडणाऱ्या बाईने अलिखित रिवाजाचा पुरावा आणायचा कोठून? छत्तीसगढमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये हे ओझे उलटे फिरवले: स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना तिला समान वाटा नाकारता येत नाही. निकालाचा एक आधार न्याय, समता व सद्सद्विवेक हा होता, म्हणजे १८२७ च्या क्रमातील शेवटची पायरी.

गावकीच्या तंटानिवारणाला १९९६ च्या पेसा, म्हणजे पंचायत (अनुसूचित क्षेत्रांपर्यंत विस्तार) कायद्याने नवे बळ दिले. राज्याचा पंचायत कायदा रूढींशी सुसंगत असावा आणि ग्रामसभेने तंटे मिटवण्याची रूढ पद्धत जपावी, असे त्याचे कलम ४ सांगते. एखादा पाडाही स्वतंत्र गाव ठरू शकतो. विखुरलेल्या वस्त्यांच्या या मुलखात ही तरतूद मोलाची. महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. मात्र पंचांनी कोणाला वाळीत टाकले, तर २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे.