चौदा आकड्यांतले देश

आपल्या मोबाइलच्या सिमकार्डात एक क्रमांक दडलेला असतो. तो आपण कधी पाहत नाही, कोणाला देतही नाही. भारतातल्या सिमवर त्याची सुरुवात बहुधा ४०४ किंवा ४०५ अशी असते. परदेशातून इथे फोन करायचा तर ९१ लावावे लागतात. मग हे ४०४ आले कुठून? त्याचा माग काढत आम्ही एका विस्मृतीत गेलेल्या जाळ्यापाशी पोहोचलो.

१९७० च्या दशकात निरनिराळ्या देशांत संगणकांसाठी सार्वजनिक जाळी उभी राहू लागली. अमेरिकेत १९७५ साली टेलेनेट, कॅनडात १९७७ साली डेटापॅक, फ्रान्समध्ये १९७८ च्या अखेरीस ट्रान्सपॅक. संगणकाने आपल्या जाळ्याशी कसे बोलावे याचा नियम, एक्स.२५, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सल्लागार समितीने १९७६ मध्ये मान्य केला होता. पण एका देशाच्या जाळ्यातून दुसऱ्याच्या जाळ्यात जायचे कसे, हा प्रश्न उरलाच. त्याच्या उत्तरादाखल पुढे दोन नियम आले: सीमेवरच्या देवघेवीसाठी एक्स.७५ आणि पत्त्यांसाठी एक्स.१२१.

एक्स.१२१ चा पत्ता जास्तीत जास्त चौदा आकड्यांचा. पहिले तीन देशाचे, चौथा त्या देशातल्या जाळ्याचा, उरलेले दहा त्या जाळ्याने हवे तसे वाटावेत. २०८ म्हणजे फ्रान्स, २०८० म्हणजे ट्रान्सपॅक. या रचनेत एक गृहीतक मुरलेले आहे. देश म्हटला की त्याचे एक तार-टपाल खाते असणार. दहा जाळ्यांची सोय म्हणजे चैनच! अमेरिकेत मात्र हा धंदा खासगी कंपन्यांचा होता. टेलेनेट ३११० आणि टिमनेट ३१०६ अशी तिथली वाटणी झाली, आणि त्या एका देशासाठी ३१० ते ३१६ असे सात संकेतांक राखावे लागले.

आता एखाद्या कॉलचा प्रवास पाहू. पहिल्या पॅकेटवर पूर्ण पत्ता असे. सीमेवरचे यंत्र त्यातले पहिले चार आकडे वाचून पुढचा मार्ग ठरवी. एकदा वाट बांधली गेली की नंतरच्या पॅकेटांना पत्त्याची गरज नसे. त्यांच्यावर फक्त वाहिनीचा छोटा क्रमांक असे. वाटेतला एक दुवा निखळला की सारा कॉल कोसळे. परदेशी पत्त्याआधी लावायचा आकडाही सर्वत्र एक नव्हता, कुठे शून्य तर कुठे एक. आणि दोन प्रशासनांमध्ये करार झालेला नसेल, तर पत्ता अचूक असूनही कॉल परत येई. तारा होत्या, यंत्रे होती. अडत होते ते हिशेबाच्या वहीत.

सरकारी चौकटीबाहेरच्या जाळ्यांची पंचाईत वेगळीच. ब्रिटनमधल्या विद्यापीठांचे जॅनेट हे जाळे १९८४ साली सुरू झाले. तेही एक्स.२५ वरच चाले, पण त्याचे अंतर्गत पत्ते त्याचे स्वतःचे होते. तिथून सार्वजनिक जाळ्यात जायचे तर मधल्या दारावर थांबून, खर्च कोणाच्या नावे टाकायचा हे आधी सांगावे लागे.

याच काळात फ्रान्समध्ये लुई पूझाँ यांनी सिक्लाद या जाळ्यात दुसरी वाट चोखाळली होती: प्रत्येक पॅकेटने आपला पत्ता आपणच वाहावा. त्या विचाराचे ऋण इंटरनेटवर आहे. इंटरनेटच्या १९८१ मधल्या बत्तीस बिटांच्या पत्त्यात देशासाठी राखलेली जागाच नाही. ट्रान्सपॅकवर चालणारी मिनिटेल सेवा ३० जून २०१२ रोजी बंद झाली, तेव्हा पैज कोणी जिंकली हे कधीच ठरून गेले होते.

तरीही आम्हांला त्या हरलेल्या पक्षाची थट्टा करवत नाही. या कॉलची जबाबदारी कोणाची, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मोबाइल देशोदेशी फिरू लागला तेव्हा तो पुन्हा उभा राहिला, आणि देशांची तीच जुनी यादी कामी आली. आज पॅरिसमध्ये उतरून आपण फोन सुरू करतो, तेव्हा तिथले जाळे ४०४ वाचते आणि मायदेशी विचारते: हा तुमचाच ना? याचे पैसे तुम्ही द्याल ना? होकार आला की मगच आपल्याला घरी बोलता येते.