त्रेपन्न नंबरची बाटली

आजची गोष्ट एका बाटलीची, पण सुरुवात आमच्या आष्ट्यातून.

नववीत सरांनी प्रयोग लावला होता. बटाट्याचं पाणी, साखर आणि चायना ग्रास (म्हणजेच अगर) कुकरमध्ये ठेवून निर्जंतुक केलं आणि उकळून घेतलेल्या काचेच्या बशांत ओतलं. एक बशी तासभर उघडी, दुसरी कायम झाकलेली. सर चिकटपट्टी आणायला वळले आणि मी बंद बशीचं झाकण उचलून आत डोकावलो. दोनच सेकंद! चार दिवसांनी दोन्हींत हिरवी बुरशी. सर म्हणाले, "माझंच चुकलं. कुकरला वेळ कमी पडला." मी गप्प. पट्टी न काढताच त्यांनी दोन्ही बशा प्रयोगशाळेच्या कुकरमध्ये घातल्या. वाढलेले जंतू कधी उघडून बघायचे नाहीत, आधी मारायचे, मग टाकायचे.

आता मागे जाऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढे सातारा जिल्ह्यातही पसरला. आष्टा तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं; दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये, त्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन प्लेगचे जंतू वाढवत होता. कशात? बकऱ्याच्या मटणाच्या सूपासारख्या द्रवात, वर तरंगतं तूप. हो, आपलं तूपच! त्या थेंबांना धरून जंतू झुंबरासारखे खाली लोंबायचे. मग उष्णतेने ते मारून लस बनवायची. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुलकोवाल गाव. पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या ५३-एन या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. चौकशी समितीने बोट ठेवलं मुंबईच्या प्रयोगशाळेवर: कार्बोलिक ॲसिड सोडून फक्त उष्णतेवर का विसंबलात? हाफकिनला पदावरून दूर केलं.

पण गावात काय घडलं होतं? बाटलीचं बूच काढायचा चिमटा मातीत पडला होता. नियम होता ज्योतीवर धरायचा. मदतनिसाने तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुडवून घेतला. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात आणि असल्या बुडवण्याने ते मरत नाहीत. शिवाय जंतू बाटलीत कित्येक आठवडे वाढले असते तर उघडताना घाण वास आला असता. तसा वास कुणाला आला नव्हता. बाकीच्या चार बाटल्याही ठीक होत्या. मला विचाराल तर एवढ्यावरच शंका मिटायला हवी होती. मिटायला पाच वर्षं लागली. मलेरियावाले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं, तेव्हा कुठे तो दोषमुक्त झाला. परत आला, पण मुंबईला नाही, कलकत्त्याला. परळच्या संस्थेला त्याचं नाव मिळालं १९२५ मध्ये.

आणि सर, हा भाग ऐकत असाल तर... कुकरला वेळ कमी पडला नव्हता. झाकण मी उघडलं होतं.