सगळे समजते, बोलताना मात्र अडते

परकी भाषा शिकताना पहिली पायरी फारशी जड जात नाही. नमस्कार, नाव-गाव, आकडे, बाजारातली चार वाक्ये. दर आठवड्याला नवे काहीतरी हाती लागते आणि हुरूप वाढतो. मग मधली पायरी येते. धडा वाचला की समजतो, शिक्षकांचे बोलणे कळते, पण तोंड उघडले की त्याच त्या चुका होतात. वर्ष उलटले तरी चुका जागच्या हलत नाहीत. आपल्याकडे शाळेत किंवा अकरावी-बारावीला फ्रेंच घेणाऱ्या मुलांना हा अनुभव येतो. इंग्रजीच्या बाबतीत तर तो घरोघरी येतो.

मुले या पायरीवर का अडतात? कॅनडातल्या शाळांमध्ये या प्रश्नाचा फार बारकाईने अभ्यास झाला, आणि तोही फ्रेंचच्याच निमित्ताने. तो कसा होत गेला, ते आपण पाहू.

पालकांनी धरलेला हट्ट

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे. तरी १९६० च्या सुमारास मोठ्या उद्योगांचा कारभार प्रामुख्याने इंग्रजीतून चाले. पुढच्या काही वर्षांत हे चित्र झपाट्याने बदलू लागले आणि प्रांतात राहायचे तर फ्रेंच यायलाच हवी, हे इंग्रजी भाषक कुटुंबांना उमगले. मॉन्ट्रिअल शहरासमोर, सेंट लॉरेन्स नदीच्या पलीकडच्या काठावर सेंट लॅम्बर्ट नावाचे उपनगर आहे. तिथल्या काही इंग्रजी भाषक पालकांची तक्रार अशी होती की, शाळेत वर्षानुवर्षे फ्रेंच शिकूनही शेजारच्या फ्रेंच माणसाशी धड बोलता येत नाही.

हे पालक १९६३ मध्ये एकत्र आले. त्यांची मागणी साधी होती. फ्रेंच हा एक विषय म्हणून शिकवू नका. बाकीचे विषयच फ्रेंचमधून शिकवा. पाण्यात पडले की पोहता येते, तसेच काहीसे. शाळेचे कारभारी सहजासहजी तयार झाले नाहीत. अखेर सप्टेंबर १९६५ मध्ये २६ मुलांचा एक बालवर्ग सुरू झाला. इंग्रजी घरातल्या या मुलांशी बाई फ्रेंचमध्ये बोलत.

मॅक्गिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि रिचर्ड टकर यांनी या मुलांची प्रगती वर्षानुवर्षे तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांचे इंग्रजी कच्चे राहिले नव्हते, गणितात ती मागे पडली नव्हती, आणि नेहमीच्या तासिकांत फ्रेंच शिकणाऱ्यांपेक्षा त्यांची फ्रेंच पुष्कळच चांगली होती. प्रयोग देशभर पसरला. पुढे सातवीच्या सुमारास सुरू होणारे असे वर्गही निघाले.

मग अडले कुठे?

थोड्याच वर्षांत एक कोडे पुढे आले. सहावीपर्यंत पोचलेल्या या मुलांचे ऐकून समजणे फ्रेंच मुलांच्या जवळपास होते. बोलण्या-लिहिण्यात मात्र ठरावीक चुका घट्ट बसल्या होत्या. नामांची लिंगे चुकत. फ्रेंचमध्ये वय सांगताना ‘माझ्यापाशी अकरा वर्षे आहेत’ अशा धर्तीचे वाक्य येते. मुले इंग्रजीच्या वळणाने ‘मी अकरा वर्षे आहे’ असे म्हणत. भूतकाळाचाही घोटाळा होता. ‘तो रोज नदीवर जायचा’ आणि ‘त्या दिवशी तो नदीवर गेला’ यांत मराठी जसा भेद करते तसाच फ्रेंचही करते. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे एकच साधे रूप चालून जाते. मराठी मुलांना ही जागा समजावून द्यायला सोपी, इंग्रजी मुलांना अवघड.

हजारो तास फ्रेंच ऐकूनही असे का व्हावे? टोरांटोच्या संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये एक उत्तर सुचवले. ऐकताना आपण शब्द, संदर्भ, हावभाव यांवरून अर्थ पकडतो. क्रियापदाचा प्रत्यय ऐकला नाही तरी चालते. बोलताना मात्र तो प्रत्यय आपल्यालाच निवडावा लागतो. म्हणजे समजणे आणि बोलणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम मुलांच्या वाट्याला फार कमी येत होते.

स्वेन यांनी शिक्षकांच्या बोलण्याकडेही लक्ष वळवले. १९८८ च्या त्यांच्या लेखातले आकडे कोणत्याही शिक्षकाला विचारात पाडतील. सहावीच्या वर्गांत शिक्षकांनी वापरलेल्या क्रियापदांपैकी सुमारे ७५ टक्के वर्तमानकाळी किंवा आज्ञार्थी होती. भूतकाळ जेमतेम १५ टक्के आणि संकेतार्थ, म्हणजे ‘असते तर’ या धर्तीची रूपे, अवघी ३ टक्के. इतिहासाच्या तासालाही शिक्षक बराचसा भाग वर्तमानकाळातच सांगत. जी रूपे मुलांना येत नव्हती, ती वर्गात फारशी वापरलीच जात नव्हती!

‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांची गोष्टही अशीच. फ्रेंचमध्ये ‘त्यू’ म्हणजे तू आणि ‘वू’ म्हणजे तुम्ही. अनेकांना ‘वू’ म्हणतात आणि आदराने एकालाही. वर्गात शिक्षक एका मुलाला ‘त्यू’ म्हणत आणि सगळ्या वर्गाला ‘वू’. त्यामुळे आदरार्थी ‘वू’ मुलांच्या कानावर जवळजवळ पडतच नसे. मोठ्या माणसालाही ती बेधडक ‘त्यू’ म्हणत, यात नवल ते काय? रॉय लिस्टर यांनी आठवीच्या वर्गांत काही आठवडे याच गोष्टीवर मुद्दाम काम करून घेतले तेव्हा ‘वू’चा योग्य वापर वाढला. ही नोंद १९९४ ची.

चूक दुरुस्त करायची कशी?

लिस्टर आणि लैला रांता यांनी १९९७ मध्ये चार शिक्षकांच्या वर्गांतली १८ तासांहून अधिक संभाषणे तपासली. मुलाची चूक झाली की शिक्षक बहुतेक वेळा बरोबर वाक्य स्वतःच म्हणून पुढे जात. समजा, मुलगा घराला ‘ल मेझों’ म्हणाला. घर फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. शिक्षक म्हणणार, ‘हं, ला मेझों. पुढे?’ शिक्षकांच्या प्रतिसादांपैकी ५५ टक्के या प्रकारचे होते. पण त्यानंतर मुलाने स्वतः चूक सुधारली, असे १८ टक्के वेळाच घडले. ‘हं’ ऐकून मुलाला वाटे, आपले बरोबरच आहे. उलट, शिक्षक मध्येच थांबले, ‘घर... ल की ला?’ अशा तऱ्हेने उत्तर मुलाकडूनच काढून घेतले, तर सुमारे निम्म्या वेळा मुलाने सुधारणा केली. अर्थात त्या क्षणी सुधारलेली चूक कायमची गेली असे नव्हे. बिर्गिट हार्ली यांनी १९८९ मध्ये दोन भूतकाळांवर आठ आठवडे सराव घेतला. लगेचच्या चाचणीत फरक दिसला. तीन महिन्यांनी मात्र सराव न केलेली मुले बरोबरीला आली होती. मधली पायरी अशी चिवट असते. तिथे एकदा शिकवून भागत नाही, पुनःपुन्हा त्याच जागी यावे लागते.

आपल्यासाठी

या कहाणीवरून कोणी म्हणेल, मग मुलांना बालवर्गापासून इंग्रजी माध्यमातच घालावे. हा निष्कर्ष चुकीचा ठरेल. सेंट लॅम्बर्टच्या मुलांची मातृभाषा प्रतिष्ठेची होती. ती घरी-दारी बोलली जाई आणि शाळेतही दुसरीपासून शिकवली जाई. नवी भाषा पहिलीत भर घालत होती, तिची जागा घेत नव्हती. लॅम्बर्ट यांनी स्वतःच या दोन परिस्थितींमध्ये स्पष्ट फरक केला होता.

घेण्यासारखे आहे ते वर्गाकडे पाहण्याचे तंत्र. भाषेच्या एका तासाला सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवा. आपण कोणते काळ किती वेळा वापरले, किती मुलांनी एका शब्दाहून लांब उत्तर दिले, आणि चूक झाल्यावर सुधारलेले वाक्य कोणाच्या तोंडून आले, एवढ्या तीनच गोष्टींच्या खुणा कागदावर करायला सांगा. भाषा फ्रेंच असो, इंग्रजी असो वा हिंदी. मुले कुठे आणि का अडतात याचा बराचसा पत्ता त्या कागदावर लागेल.