बागेतल्या चकतीचे विश्वविजेतेपद

डिस्क गोल्फ हे नाव आपल्याकडे फारसे कुणी ऐकलेले नाही. गोल्फ म्हटले की डोळ्यांपुढे भिंतीआडची हिरवळ, फाटकावरचा पहारेकरी आणि सभासदत्वाची फी येते. डिस्क गोल्फला यातले बहुधा काहीच लागत नाही. हातात प्लास्टिकची चकती घ्यायची, ठरलेल्या जागेवरून फेकायची, जिथे पडली तिथून पुन्हा फेकायची आणि कमीत कमी फेकींत ती लांबवर उभ्या केलेल्या साखळ्यांच्या टोपलीत पाडायची. अशा 18 टोपल्या झाल्या की एक फेरी पूर्ण. बरीचशी मैदाने सार्वजनिक उद्यानांत आहेत आणि अनेक ठिकाणी खेळायला पैसेही पडत नाहीत. या खेळाचे विश्वविजेतेपद 1982 पासून खेळले जाते. त्याचा इतिहास मी वाचायला घेतला तो एका प्रश्नापायी. खेळाला दर्जा देतो कोण?

शिक्षक असल्यामुळे हा प्रश्न मला रोज भेटतो. आपल्याकडे दहावीला क्रीडा गुण मिळवायचे तर खेळ मान्यताप्राप्त यादीत असावा लागतो. यादीबाहेरचा खेळ पोरे कितीही जीव तोडून खेळोत, कागदावर तो खेळ नसतोच. डिस्क गोल्फसुद्धा असाच यादीबाहेरून आलेला खेळ आहे.

त्याची सर्वात जुनी नोंद एका शाळेचीच आहे, याचा मला विशेष आनंद झाला. 1926 साली कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात, ब्लॅडवर्थ या गावी प्राथमिक शाळेतल्या मुलांनी पत्र्याची झाकणे फेकून गोल्फसारखा खेळ मांडला होता. नावही साधेच, ‘टिन लिड गोल्फ’. मुले मोठी झाली आणि खेळ तिथेच राहिला. पुढे साठच्या दशकात अमेरिकेत ठिकठिकाणी लोक फ्रिस्बी घेऊन झाडांवर, दिव्याच्या खांबांवर, कचऱ्याच्या डब्यांवर नेम धरू लागले. मजा अशी की यांतल्या पुष्कळांना दुसरीकडेही हाच उद्योग चाललाय याचा पत्ताच नव्हता. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात जिम पाल्मेरी आणि त्यांचे मित्र असेच खेळत. आपल्यासारखे आणखी किती वेडे आहेत हे बघायला त्यांनी 1974 साली खुली स्पर्धा भरवली आणि बक्षीस म्हणून चक्क नवी कोरी डॅटसन मोटार ठेवली! ती डॅन रॉडिकने जिंकली. स्पर्धेत चकतीचे इतरही प्रकार होते, पण विखुरलेल्या खेळाडूंना एकमेकांचा पत्ता लागला तो इथून.

आता एड हेड्रिक यांच्याकडे येऊ. हे व्हॅम-ओ या खेळणी कंपनीतले गृहस्थ. फ्रिस्बीच्या पाठीवर ज्या गोल उंचवट्यांच्या रेषा दिसतात, ज्यांमुळे ती हवेत स्थिर राहते, त्या यांच्या. 1967 साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. म्हणजे चकती खेळण्यातून साधनात बदलली ती यांच्या हातून. 1975 साली कॅलिफोर्नियात ला कन्याडा इथल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्यांनी पहिले कायमस्वरूपी मैदान उभे केले. शेजारीच अंतराळयाने घडवणारी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आहे. एकीकडे ग्रहांवर नेम धरणारी मंडळी, दुसरीकडे खांबांवर.

खांब होते तोवर भांडणे होती. चकती खांबाला लागली की नुसती घासून गेली? ज्याने फेकली तो म्हणणार लागली, समोरचा म्हणणार नाही. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये कट लागली की नाही यावरून जे चालते तेच. हेड्रिक यांनी खांबाभोवती साखळ्या टांगल्या आणि खाली टोपली बसवली. चकती साखळ्यांत अडकते, खळ्ळकन आवाज होतो आणि ती टोपलीत पडते. वादाला जागा नाही. या साधनाचे पेटंट 1977 सालचे. माझ्या मते डिस्क गोल्फ खऱ्या अर्थाने खेळ झाला तो या साखळ्यांमुळे, कारण निकाल मान्य होत नाही तिथे स्पर्धा कसली?

1976 साली त्यांनी व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना काढली, तिचे इंग्रजी लघुरूप पीडीजीए. प्रत्येक सभासदाला कायमचा क्रमांक मिळतो. पहिला क्रमांक अर्थातच हेड्रिक यांचा. 1979 साली त्यांनी हंटिंग्टन बीचला 50 हजार डॉलर बक्षिसांची स्पर्धा घेतली. त्या काळात, त्या खेळासाठी ही रक्कम अफाट होती. पण मला मोठी वाटते ती त्यानंतरची गोष्ट. 1982 च्या सुमारास हेड्रिक यांनी संघटनेचा कारभार खेळाडूंच्या हाती सोपवला. संस्था काढणारा माणूस जिवंतपणी, धडधाकट असताना खुर्ची सोडतो, हे आपल्या संस्थाचालकांच्या मुलखात तरी नवलच! पीडीजीएचे पहिले विश्वविजेतेपद त्याच साली लॉस एंजेलिसला झाले. म्हणजे आम्ही जगातले सर्वोत्तम ठरवतो, हे खेळणाऱ्यांनीच खेळणाऱ्यांना सांगितले. कुठल्याही सरकारी यादीची त्यांनी वाट पाहिली नाही.

पहिला विजेता हॅरॉल्ड डुव्हल. दुसऱ्याच वर्षी डेव्ह डुनिपेस आणि डुव्हल यांच्यासह काही खेळाडूंनी इनोव्हा ही कंपनी उभी केली आणि डुनिपेस यांनी कडेला निमुळता उतार असलेली चकती आणली. ती हवा कापत दूर जाई. जुनी फ्रिस्बी तिच्यापुढे एकदम बाळबोध वाटू लागली आणि मैदाने लांबवावी लागली. 1999 साली याच मंडळींच्या पुढाकाराने साउथ कॅरोलायनातल्या रॉक हिल इथे, विन्थ्रॉप विद्यापीठाच्या आवारात युनायटेड स्टेट्स चॅम्पियनशिप सुरू झाली. तीही आज मोठ्या स्पर्धांत गणली जाते.

विश्वविजेतेपदाचे मधले दशक एका माणसाचे. फ्लोरिडाच्या क्लिअरवॉटरचा केन क्लायमो. 1990 ते 1998, सलग नऊ वेळा. मग 2000, 2002 आणि शेवटचे 2006. एकूण 12. जगात कुठल्याही खेळात असा माणूस घराघरांत माहीत असता. याला लोक ‘द चॅम्प’ म्हणत, पण ते लोक म्हणजे डिस्क गोल्फ खेळणारेच.

स्त्रियांचे विजेतेपद सुरुवातीपासून याच स्पर्धेत आहे. एलेन किंगने ते 1986 ते 1997 या काळात पाच वेळा जिंकले, ज्युलियाना कॉर्व्हरने पाच वेळा आणि पेज पियर्सनेही पाच वेळा. पियर्सची सालेही गमतीची आहेत: 2011, 2013, 2015, 2017, 2019. एक वर्षाआड, जणू हप्ता ठरलेला.

हेड्रिक 2002 साली वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची राख प्लास्टिकमध्ये मिसळून चकत्या बनवल्या गेल्या. वाचताना मी थबकलो. प्रत्येकाच्या अंत्यविधीच्या कल्पना वेगळ्या, पण एखादा माणूस आपल्या कामात इतका मिसळून जावा, हे कळायला धर्म आड येत नाही.

मग पैसा आला. 2021 साली पॉल मॅकबेथने डिस्क्राफ्ट या चकत्या बनवणाऱ्या कंपनीशी 10 वर्षांसाठी 1 कोटी डॉलरचा करार केला. 2020 ची स्पर्धा कोरोनामुळे रद्द झाली होती, ती 2021 च्या जूनमध्ये युटा राज्यातल्या ऑग्डेनला झाली. शेवटच्या फेरीच्या शेवटच्या टोपलीशी मॅकबेथ एका फेकीने पुढे होता. सहावे विजेतेपद जवळजवळ खिशात. जेम्स कॉनरॅड 247 फुटांवर उभा. म्हणजे सुमारे 75 मीटर. त्याला बरोबरीसाठी तिथून थेट टोपली हवी होती. त्याने फेकली. चकती तरंगत वळली, साखळ्या वाजल्या आणि ती आत होती! मैदानात लोक अक्षरशः एकमेकांवर पडले. बरोबरी झाली आणि जादा खेळातल्या पहिल्याच टोपलीवर कॉनरॅड जिंकला. ती चित्रफीत मी वर्गात दाखवली तेव्हा नियम कुणालाच माहीत नव्हते, तरी सगळा वर्ग ओरडला. हेड्रिक यांची साखळी इतकी बोलकी आहे.

मॅकबेथने पुढच्याच वर्षी कॅन्ससमधल्या एम्पोरियाला आपले राहिलेले विजेतेपद घेतले. त्याच स्पर्धेत स्त्रियांमध्ये एस्टोनियाची क्रिस्टिन तत्तार जिंकली, 2023 साली पुन्हा तीच, आणि 2024 साली फिनलंडची एव्हेलिना सालोनेन. 2025 साली ही स्पर्धा पहिल्यांदा युरोपात गेली. फिनलंडमधल्या नोकिया गावी, तेच ज्याचे नाव आपल्या जुन्या मोबाइलवर असायचे. लोकसंख्या 56 लाखांच्या आसपास असलेल्या या देशात डिस्क गोल्फची मैदाने शेकड्यांनी आहेत. नोकियाच्या मैदानाला खेळाडू ‘बीस्ट’, म्हणजे श्वापद, म्हणतात. आणि पीडीजीएच्या सभासदांचे क्रमांक, जे हेड्रिक यांच्या एकपासून सुरू झाले, ते आता अडीच लाखांच्या पुढे गेले आहेत.