मक्यावरची हिरवी बुरशी : अफ्लाटॉक्सिनबद्दल प्रत्येक घराला माहीत हवे ते

फर्दापूर हे अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याचे, छत्रपती संभाजीनगर–जळगाव रस्त्यावरचे सोयगाव तालुक्यातले गाव. बाहेरच्या माणसाला ते लेण्यांमुळे माहीत असते. इथल्या माणसाचे वर्ष मात्र कापूस आणि मका या पिकांवर चालते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मक्याची कणसे खुडून घरी येतात आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. अंगणात, ओट्यावर, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेला मका एका रात्रीत भिजतो. चार दिवसांनी गोणी उघडली की कुबट वास येतो आणि दाण्यांवर हिरवट-पिवळी भुकटी दिसते.

चांगला माल मोंढ्यात जातो. काळा पडलेला माल व्यापारी घेत नाही किंवा भाव पाडून मागतो. मग तो मका जातो कुठे? कोंबड्यांना, शेळीला, दुभत्या म्हशीच्या भरड्यात. आणि हात तंग असेल तर पिठाच्या गिरणीत. "धुऊन, वाळवून, दळून घेऊ, भाकरीत काय कळतंय!" असे म्हटले जाते. हा लेख त्याच मक्याबद्दल आहे. कारण भाकरीत कळत नाही, हीच तर खरी अडचण आहे.

बुरशी कोणती, विष कोणते?

दाण्यावर दिसणाऱ्या हिरवट-पिवळ्या बुरशीचे शास्त्रीय नाव अ‍ॅस्परजिलस फ्लेवस. ती जमिनीत, धसकटात, हवेत सगळीकडे असते. ओलावा आणि ऊब मिळाली की ती वाढते आणि वाढताना एक विष तयार करते. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. नावाची फोड सोपी आहे: अ‍ॅस्परजिलसचा 'अ', फ्लेवसचा 'फ्ला' आणि टॉक्सिन म्हणजे विष. साधारण २५ ते ३५ अंश तापमानात हे विष जास्त तयार होते. आपल्याकडचा ऑक्टोबर बरोबर त्यात बसतो.

एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बुरशी दिसते, विष दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. दाण्यावरची भुकटी पुसून काढली तरी दाण्यात उतरलेले विष तिथेच राहते. उलट, बुरशी दिसली म्हणजे विष असणारच असेही नाही. नक्की उत्तर फक्त प्रयोगशाळा देऊ शकते. पण दर वेळी प्रयोगशाळा गाठणे शक्य नसते, म्हणून घरातला नियम साधा ठेवावा: शंका आली की तो दाणा खायचा नाही.

हे विष फक्त मक्यात नसते. शेंगदाणे, सरकी, वाळलेली लाल मिरची यांतही ते सापडते. आपल्या भागात शेंगदाण्याचा कूट रोजच्या भाजीत पडतो, म्हणून ही बाब लक्षात ठेवावी.

शोध कसा लागला?

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्की नावाचे मोठे पक्षी पाळणाऱ्यांकडे पक्षी पटापट मरू लागले. सुमारे एक लाख पक्षी मेले. आधी साथीचा रोग समजून तपास झाला, पण जंतू सापडेना. शेवटी संशय खाद्यावर आला. त्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची ढेप होती आणि त्या ढेपेला बुरशी लागलेली होती. तिच्यातून हे विष वेगळे काढले गेले. अतिनील प्रकाशात त्याचे काही प्रकार निळे चमकतात, तर काही हिरवे. इंग्रजीतल्या निळ्या आणि हिरव्या या शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून त्यांना बी आणि जी अशी नावे मिळाली. सर्वांत घातक आहे बी-१. दुधातून येणाऱ्या प्रकाराला एम-१ म्हणतात.

१९७४ : राजस्थान आणि गुजरातची गावे

भारतात या विषाचा सर्वांत मोठा घाला १९७४ च्या शेवटी पडला. राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल हे शेजारशेजारचे आदिवासी जिल्हे. मका हेच तिथले मुख्य अन्न. त्या वर्षी कापणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला, कणसे भिजली आणि तशीच साठवली गेली. काही आठवड्यांत गावोगावी माणसे आजारी पडू लागली. आधी ताप, मग कावीळ, मग पोटात पाणी भरणे. एकाच घरात अनेक जण आजारी पडत होते. विशेष म्हणजे घरातली कुत्रीसुद्धा तशीच मरत होती.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे शास्त्रज्ञ तिथे पोहोचले. ही संस्था १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरी रोगाच्या अभ्यासासाठी सुरू झाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आली. कृष्णमाचारी, रमेश भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरीच्या मक्याचे नमुने तपासले. ३९७ रुग्णांची नोंद झाली, त्यांपैकी १०६ दगावले. मक्यात किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघाले. आज आपल्या देशात धान्यासाठी ठरवलेली मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे त्या मक्यात आजच्या मर्यादेच्या ४०० ते १००० पट विष होते. हा अभ्यास १९७५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि जगभर वाचला गेला.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. २००४ साली पूर्व केनियात ओला मका घरात साठवल्याने अगदी असेच झाले. ३१७ रुग्ण, १२५ मृत्यू.

१९९५ : आपल्या दख्खनमधला अनुभव

१९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या २७ गावांत अवेळी पावसाने भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोक आजारी पडले. पोटात दुखणे, पोटात गुरगुरणे, जुलाब अशी लक्षणे होती. तिथे बुरशी वेगळी होती, फ्युजेरियम, आणि विषही वेगळे, फ्युमोनिसिन. तपास पुन्हा हैदराबादच्या त्याच संस्थेने केला. सुदैवाने कोणी दगावले नाही. ते धान्य खाणे थांबवल्यावर माणसे बरी झाली.

दोन्ही घटनांत एक धागा सारखा आहे. पाऊस सगळ्यांच्या शेतावर पडतो, पण भिजलेले धान्य खायची वेळ सगळ्यांवर येत नाही. ज्याच्या कोठीत मागच्या सालचे कोरडे धान्य आहे, तो ते खातो. ज्याच्याकडे दुसरे काही नाही, तो काळा दाणा दळतो. म्हणून ही फक्त शेतीची किंवा विज्ञानाची गोष्ट नाही, गरिबीचीही आहे.

भाकरी भाजली तर विष जळते का?

नाही. हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. उकळणे, वाफवणे, तव्यावर भाजणे याने बुरशी मरते, विष मात्र बऱ्याच अंशी टिकते. चुलीवरची भाकर असो की कुकरमधली खिचडी, त्या उष्णतेत अफ्लाटॉक्सिन पूर्ण नष्ट होत नाही. दळल्याने तर उलट होते. दहा खराब दाणे निवडून फेकता आले असते, दळल्यावर त्यांचे विष सगळ्या पिठात पसरते.

थोडे थोडे, वर्षानुवर्षे

१९७४ सारखा घाला क्वचित पडतो. थोड्या प्रमाणात रोज पोटात जाणारे विष लगेच दिसत नाही, पण यकृतावर काम करत राहते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात ठेवले आहे, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारे सिद्ध झालेले पदार्थ. ज्याला हिपॅटायटिस बी ची लागण आहे आणि जो असे धान्यही खातो, त्याला यकृताच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. हिपॅटायटिस बी ची लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते: जन्मल्यावर लगेच एक डोस, पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंटमधून. आपल्या वस्तीत "बाळाला ताप येतो" म्हणून पुढचे डोस टाळणारी घरे आहेत. त्यांनी ही बाब ध्यानात घ्यावी.

दूध, अंडी आणि ईदचा बकरा

म्हशीला बुरशीचा भरडा किंवा सरकीची खराब ढेप घातली, तर विषाचा काही टक्के भाग एम-१ च्या रूपात दुधात उतरतो आणि तोही एका दिवसाच्या आत. दूध उकळून तो जात नाही. म्हणजे जो मका आपण "जनावराला चालतो" म्हणून बाजूला काढला, तो लेकराच्या पेल्यात आणि ईदच्या शीरखुर्म्यात परत आला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभर दुधाचे ६,४३२ नमुने गोळा केले. त्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के, एम-१ मर्यादेपेक्षा जास्त होते. दुधासाठी ही मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. दिलासा एवढाच की चांगला चारा सुरू केल्यावर काही दिवसांत दूध स्वच्छ होते.

कोंबड्या आणि बदकांची पिल्ले या विषाला फार लवकर बळी पडतात. बकरी ईदसाठी बकरा तयार करताना अनेक घरांत मका भरपूर चारला जातो. तो मकाही कोरडा आणि स्वच्छच असावा. खराब मक्याने जनावराची भूक जाते, वजन वाढत नाही, यकृत बिघडते. पैसे वाचवायला म्हणून घातलेला मका शेवटी महाग पडतो. आपण जेवणात हलालची चौकशी करतो, तिच्या जोडीला तय्यब, म्हणजे शुद्ध आणि निर्दोष, याचीही चौकशी आलीच.

घरात काय करावे?

१. वाळवण जमिनीवर नको. ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर पातळ थर पसरावा, दिवसातून तीन-चार वेळा उलथावा, संध्याकाळी झाकावा. शक्यतो कणसे आधी वाळवून मगच दाणे काढावेत. ओल्या कणसाचे दाणे काढताना फुटतात आणि फुटलेल्या दाण्यात बुरशी लवकर शिरते.

२. ओलावा १३ टक्क्यांवर आणावा. कापणीच्या वेळी दाण्यात २० टक्क्यांहून जास्त ओलावा असू शकतो. मोंढ्यात तो यंत्राने मोजतात. घरी मिठाची परीक्षा करता येते. काचेची कोरडी बाटली घ्यावी, तिचा तिसरा भाग मक्याने भरावा, दोन-तीन चमचे कोरडे मीठ टाकावे, झाकण लावून मिनिटभर हलवावी आणि दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, मका अजून वाळवा. मीठ मोकळे खाली पडले तरी आणखी एक-दोन कडक उन्हे द्यावीत. पावसाळी हवेत मीठच ओलसर असते, म्हणून ते आधी तव्यावर गरम करून थंड करून घ्यावे. ही परीक्षा आम्ही वर्गात मुलांकडून करून घेतो. सातवी-आठवीतले कोणतेही मूल ती घरी सहज करून दाखवेल.

३. साठवण. गोण्या भिंतीला टेकवू नयेत, खाली लाकडी फळ्या ठेवाव्यात. गरम दाणे लगेच भरू नयेत, थंड होऊ द्यावेत. किड्यांनी पोखरलेल्या दाण्यातही बुरशी शिरते, म्हणून कीड लागू देऊ नये. जुना आणि नवा माल एकत्र करू नये.

४. निवडणे. दळायच्या आधी परातीत पसरून काळे, हिरवट, सुरकुतलेले, फुटके, किडके दाणे काढावेत. विषाचा मोठा भाग याच थोड्या दाण्यांत असतो. आपल्या अम्मी-दादी सुपात धान्य निवडत बसायच्या, ते काम वेळकाढू वाटले तरी विज्ञानाच्या कसोटीला उतरते. शेंगदाण्यातला कडू, सुकलेला, रंग बदललेला दाणाही असाच फेकावा.

५. काढलेला खराब माल जनावरांना देऊ नये आणि स्वस्तात विकूही नये. तो पुरावा. निवडताना आणि वारा देताना तोंडाला रुमाल बांधावा.

६. ताटात एकच धान्य नको. रोज फक्त मका खाणाऱ्याला विषाचा धोका जास्त आणि पोषणही अपुरे. मक्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही प्रथिनांची घटकद्रव्ये कमी असतात. ज्वारी, बाजरी, गहू आलटून पालटून खावेत, सोबत डाळ, अंडी, पालेभाजी असावी. शेतातून नुकतेच तोडलेले, भाजून खाल्लेले ताजे कणीस मात्र खुशाल खावे. धोका ओल्या साठवणीचा आहे, मक्याचा नाही.

डॉक्टरकडे कधी?

नवा मका सुरू केल्यावर एकाच घरात दोघा-तिघांना ताप, उलट्या, कावीळ किंवा पोटाला सूज आली, घरातली कुत्री-कोंबडीही मरू लागली, तर काविळीची माळ घालण्यात किंवा झाडफूक करण्यात दिवस घालवू नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि कोणते धान्य खाल्ले ते सांगावे. त्या धान्याची मूठभर पुडी सोबत न्यावी, बाकीचे खाणे लगेच थांबवावे. काविळीची कारणे बरीच असतात, पण धान्याची माहिती मिळाली तर डॉक्टरांचा तपास लवकर मार्गी लागतो.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानाचे महाविद्यालय आहे. वाळवण आणि साठवणीची माहिती तालुका कृषी कार्यालयात आणि कृषी विज्ञान केंद्रातही मिळते. विचारायला संकोच करू नये. गावात चार-पाच घरांनी मिळून एक ओलावामापक आणि दोन मोठ्या ताडपत्र्या घेतल्या तर खर्च वाटला जातो. बचत गटांनी आणि मस्जिद कमिट्यांनी हे काम अंगावर घ्यायला हरकत नाही. कणसे घरात येण्यापूर्वी, सप्टेंबरातच ही तयारी झाली, तर काळा मका खायची वेळ कोणावर येणार नाही.